मराठीतला ‘ही’ इंग्रजीत कुठं बसवायचा? ऑल्सो, टू, आयदर, ईव्हन

गिरणाकाठ (धागाकर्ता)

बारावीच्या उत्तरपत्रिका, नोकरीचे अर्ज, बँकेला लिहिलेली पत्रं, दुकानांच्या पाट्या, कुठंही बघा, ‘ऑल्सो’ भलत्याच जागी बसलेला दिसतो. पोरांना त्याचा अर्थ माहीत असतो. बसवायचा कुठं, हे कोणी सांगितलेलं नसतं. म्हणून हा वेगळा धागा.

इंग्रजी वाक्यं देवनागरीतच लिहा, म्हणजे फोनवर सारखी लिपी बदलायला नको. अडचण एकच, देवनागरीत ‘टू’ तीन होतात. इथे टू म्हणजे दोन ओवाला. दुसरा कुठला आला तर तसं लिहा.

आता मूळ मुद्दा. मराठीत ‘ही’ ज्या शब्दाला चिकटतो, भर त्याचीच पडते.

मीही केळी लावली. म्हणजे शेजाऱ्याने लावली होती, आता मी लावली.
मी केळीही लावली. म्हणजे कापूस होताच, आता केळी आली.
मी केळी लावलीही. म्हणजे नुसता बोलत नव्हतो, लावून मोकळा झालो.

इंग्रजीत पहिल्या दोन्हींचं वाक्य एकच होतं: ‘आय ऑल्सो प्लँटेड बनानाज.’ ऑल्सो ना ‘आय’ला चिकटत, ना ‘बनानाज’ला. त्याची जागा क्रियापद पाहून ठरते, अर्थ पाहून नाही. बोलताना ‘आय’वर जोर दिला तर पहिला अर्थ, ‘बनानाज’वर दिला तर दुसरा. कागदावर जोर दिसत नाही, तिथं मागचं वाक्य बघून वाचणारा अर्थ लावतो. तिसऱ्या वाक्याला तर ऑल्सो चालतच नाही, तिथं ‘आय डिड प्लँट देम’ असं काहीतरी करावं लागतं.

जागा अशा. क्रियापद एकटंच असेल तर ऑल्सो त्याच्या आधी: ‘ही ऑल्सो ग्रोज कॉटन.’ साहाय्यक क्रियापद असेल तर त्याच्यानंतर, आणि साहाय्यकं दोन-तीन असतील तर पहिल्यानंतर: ‘शी हॅज ऑल्सो बीन सिलेक्टेड.’ ‘हॅज बीन ऑल्सो सिलेक्टेड’ कानाला खटकतं. ॲम, इज, आर, वॉज, वेअर हेच मुख्य क्रियापद असेल तर त्याच्यानंतर: ‘ही इज ऑल्सो अ फार्मर.’

फसवणारी जागा म्हणजे ‘हॅव टू’, यातला टू एका ओचा. इथला हॅव साहाय्यक नाही, म्हणून ‘वी ऑल्सो हॅव टू पे’ लिहायचं, ‘वी हॅव ऑल्सो टू पे’ नाही. ‘यूज्ड टू’चंही तसंच.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक ही: ‘ही ग्रोज ऑल्सो कॉटन.’ इंग्रजीत क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्यामध्ये पाचर मारलेली चालत नाही. पोरगा मनात ‘कापूसही’ म्हणतो आणि कापसाला खेटून ऑल्सो ठेवतो.

टू आणि ॲज वेल यांची हक्काची जागा वाक्याच्या शेवटी: ‘ही ग्रोज कॉटन टू.’ टूला आणखी एक जागा आहे, कर्त्याच्या लगेच मागे: ‘आय टू ॲग्री.’ ती भाषणातली, जरा सोवळ्यातली. वाक्याच्या सुरुवातीला टू लिहू नये.

शेवभाजी

भाऊ, मग ‘ही ग्रोज कॉटन ऑल्सो’ चूक का? आपल्याकडं तर सगळे तसंच बोलतात.

सातपुडा

चूक नाही. भारतात शेवटचा ऑल्सो सर्रास चालतो. इंग्लंड-अमेरिकेतले लोक तिथं बहुतेक टू किंवा ॲज वेल वापरतात. शेवटी ठेवायचंच असेल तर टू ठेव, ऑल्सो मधे घाल. दोन्ही जागा आपोआप बरोबर येतात.

गिरणाकाठभाऊंच्या जोराच्या मुद्द्यात एक भर. भर कर्त्याची असेल आणि ऑल्सो त्याच्यानंतर येत असेल, तर बोलताना ऑल्सोवरही वजन पडतं: ‘माय ब्रदर ऑल्सो प्लँटेड बनानाज.’ वजन ‘बनानाज’वर टाकलं की ऐकणाऱ्याला वाटतं, भावाने आधी दुसरं काही लावलं होतं. कर्त्याचीच भर दाखवायची असेल तर मी टू पसंत करतो: ‘माय ब्रदर प्लँटेड बनानाज टू.’ तिथंही दोन अर्थ निघतात, पण मागचं वाक्य ‘अवर नेबर प्लँटेड बनानाज’ असेल तर घोळ उरत नाही.

नंदुरबारी मिरची

जागा झाली. आता नकार, खरा गुंता तिथंच आहे. मराठीत ‘ही’ होकारात चालतो तसा नकारातही चालतो: मलाही माहीत आहे, मलाही माहीत नाही. अहिराणीत ‘तो बी उना’, ‘माले बी माहीत नही’. ‘बी’ दोन्हीकडे तोच. इंग्रजीत मात्र वाक्य नकारी झालं की शब्दच बदलतो.

होकार: ‘आय नो इट टू.’
नकार: ‘आय डोन्ट नो इट आयदर.’

‘आय डोन्ट नो टू’ ही रोजची चूक. आयदर वाक्याच्या शेवटी येतो आणि नकाराशिवाय त्याला आधार नाही. त्याच्या आधी वाक्यात नॉट, नेव्हर, नोबडी असं काहीतरी हवं: ‘नोबडी केम फ्रॉम धुळे आयदर.’

नुसता ‘नॉट’ शोधून भागत नाही. हार्डली, रेअरली, सेल्डम हे दिसायला होकारी, काम नकाराचं. उलट अनेबल, रिफ्यूज, अनहॅपी यांचा अर्थ नकारी, पण वाक्य होकारीच. तपासायला सोपी कसोटी, वाक्याला टॅग, म्हणजे शेवटचा छोटा प्रश्न, लावून बघा.

‘ही रेअरली कम्स, डझ ही?’ टॅग होकारी आला, म्हणजे वाक्य नकारी. मग पुढे आयदर किंवा नायदर.
‘ही इज अनहॅपी, इझन्ट ही?’ टॅग नकारी आला, म्हणजे वाक्य होकारी. मग पुढे टू किंवा सो: ‘सो ॲम आय.’

फ्यू आणि अ फ्यू सुद्धा याच कसोटीवर वेगळे पडतात. फ्यू नकाराच्या बाजूचा, अ फ्यू होकाराच्या.

एक अपवाद. आग्रह करताना नकारी प्रश्नात टू चालतो: ‘वोन्ट यू हॅव टी टू?’ इथं नकार नावालाच. ‘तुम्हीही घ्या ना’ हाच भाव.

आणि भर घालायची तर मागचं वाक्य त्याच बाजूचं हवं. ‘रमेश केम. आय डिडन्ट कम आयदर’ हे मराठीत करून बघा: रमेश आला, मीही आलो नाही. मराठीतही ते बसत नाही.

भुसावळ जंक्शन

मिरचीताई, एक आक्षेप. नकारात शब्दच बदलतो म्हणून ‘ऑल्सो नॉट’ सरसकट चूक ठरवू नका. ‘द रोड इज नॅरो. इट इज ऑल्सो नॉट लिट.’ यात काय चुकलं? चांगल्या इंग्रजी लेखनात अशी वाक्यं सापडतात.

नंदुरबारी मिरची

आक्षेप बरोबर. म्हणून सरसकट न बोलता फरक नीट मांडते.

रस्ता तोच आहे, त्याच्या एका दोषावर दुसरा दोष चढवला. अरुंद आहे, शिवाय दिवेही नाहीत. इथं ऑल्सो आधी येतो आणि त्याच्या पोटात अख्खा ‘नॉट लिट’ येतो. हे चालतं. ‘ही डझन्ट स्मोक, अँड ही ऑल्सो डझन्ट ड्रिंक’ हेही चालतं, जरी ‘डझन्ट ड्रिंक आयदर’ जास्त मोकळं वाटतं.

कर्ता बदलला की गोष्ट वेगळी. ‘रमेश डिड नॉट कम. सुरेश ऑल्सो डिड नॉट कम.’ इथं न येणं तेच, भर फक्त माणसाची. ‘सुरेशही आला नाही’ हे मराठी जसंच्या तसं उतरलंय. इथं ‘सुरेश डिडन्ट कम आयदर’ किंवा ‘नायदर डिड सुरेश’ लिहा. परीक्षक भारतीय असेल तर सोडूनही देईल, पण बाहेरच्या वाचकाच्या डोळ्याला हे लगेच टोचतं.

भुसावळ जंक्शन

हे पटलं. कर्ता बदलला की आयदर, कर्ता तोच आणि दोष नवा तर ऑल्सो नॉट चालेल. वहीत लिहून घेण्यासारखं.

खापरावरची पोळी

छोट्या उत्तरांचं कोणी बोललं नाही, म्हणून लिहिते. ‘मीही’ एवढंच म्हणायचं असतं तेव्हा ‘आय ऑल्सो’ म्हणून थांबू नका. पर्याय दोन. बोलताना ‘मी टू’ आणि नकारात ‘मी नायदर’. अमेरिकेत ‘मी आयदर’ही ऐकू येईल. लिहिताना आणि परीक्षेत ‘सो’ आणि ‘नायदर’ची पूर्ण रचना.

कृती अशी. समोरच्याच्या वाक्यातलं साहाय्यक क्रियापद उचला. नसेल तर काळ बघून डू, डझ किंवा डिड घ्या. ते आपल्या कर्त्याप्रमाणे बदला. मग ‘सो’, त्यामागे साहाय्यक, शेवटी कर्ता.

‘ही वेन्ट टू भुसावळ.’ ‘सो डिड आय.’
‘शी हॅज फिनिश्ड.’ ‘सो हॅव आय.’
‘दे आर लेट.’ ‘सो ॲम आय.’
‘ही हॅज अ ट्रॅक्टर.’ इथला हॅज मुख्य क्रियापद, म्हणून ‘सो डू आय.’

नकाराला नायदर: ‘नायदर डू आय.’ नायदरच्या पोटातच नकार आहे, दुसरा घालायचा नाही. ‘नायदर आय डोन्ट’ हे दोन कुलपं लावून चावी आत ठेवण्यासारखं. उच्चार नायदर करा की नीदर, दोन्ही चालतात. त्याच्या जागी ‘नॉर’ही चालतो.

क्रम उलटायचा विसरलात तर अर्थ फिरतो. ‘इट इज रेनिंग.’ ‘सो इट इज.’ याचा अर्थ ‘अरे हो, पडतोय की!’ भर नाही, नुसता दुजोरा. म्हणून ‘आय लाइक टी’ला ‘सो आय डू’ असं उत्तर दिलं तर समोरचा गोंधळतो.

शेवभाजी

पोळीताई, दोन कुलपांचं लक्षात राहील 😀

फौजदारी डाळ

इतका वेळ आपण ‘ही’ म्हणजे भर एवढंच धरलंय. मराठीतला ‘ही’ त्यापेक्षा बराच पसरलेला आहे, आणि पोरं नेमकी तिथं आपटतात.

शाळेच्या मराठी व्याकरणात ही, च, देखील, सुद्धा यांना शुद्ध शब्दयोगी अव्ययं म्हणतात, कारण ती जोडली तरी आधीच्या शब्दाचं सामान्यरूप होत नाही. ‘घरासमोर’मध्ये घराचं ‘घरा’ होतं, ‘घरही’मध्ये घर तसंच राहतं. म्हणून ‘ही’ नामाला लागतो, विभक्ती लागलेल्या नामाला लागतो, क्रियापदाला लागतो, ‘तरी’सारख्या अव्ययालाही लागतो. इतक्या जागांना इंग्रजीत एक शब्द पुरत नाही. पण आपल्याकडं सगळीकडे ऑल्सो ठोकून देतात.

एकेक घेतो.

‘त्याने विचारलंही नाही.’ आपला माणूस लिहितो, ‘ही डिड नॉट आस्क ऑल्सो.’ हवं: ‘ही डिडन्ट ईव्हन आस्क.’ इथं भर नाही, ‘निदान एवढं तरी करायचं होतं’ अशी तक्रार आहे. अपेक्षेच्या टोकाला जे असतं ते ईव्हन दाखवतो. ऑल्सोला ते जमत नाही.

‘एक रुपयाही दिला नाही.’ ‘वन रुपी ऑल्सो’ नाही, ‘ही डिडन्ट गिव्ह ईव्हन वन रुपी’ किंवा ‘अ सिंगल रुपी’.

‘आताही तिथंच राहतो.’ ‘नाऊ ऑल्सो’ नाही, ‘ही स्टिल लिव्ह्ज देअर.’ ‘तरीही गेला.’ ‘देन ऑल्सो’ नाही, ‘स्टिल’ किंवा ‘ईव्हन सो’.

‘पाऊस असूनही गेला.’ इथं ‘ईव्हन इट वॉज रेनिंग’ लिहितात. ईव्हन एकटा दोन वाक्यं जोडत नाही. ‘ईव्हन दो इट वॉज रेनिंग’ किंवा सरळ ‘इन स्पाइट ऑफ द रेन’. ‘पाऊस आला तरीही जाईन’ हे पुढचं, घडलं नाही अजून, म्हणून ‘ईव्हन इफ’.

‘कोणीही आलं नाही.’ यातला ‘ही’ भरीचा नाहीच, सगळ्यांना कवेत घेणारा आहे. ‘एनीबडी डिड नॉट कम’ चालत नाही, कारण इंग्रजीत एनीच्या आधी नकार यावा लागतो. ‘नोबडी केम.’ कर्माच्या जागी एनी बसतो, कारण नॉट आधी येऊन गेलेला असतो: ‘आय डिडन्ट सी एनीबडी.’

‘दोघेही आले नाहीत.’ ‘बोथ डिड नॉट कम’ वाचून कोणी असंही समजेल की एक आला, एक नाही. ‘नायदर ऑफ देम केम’ म्हटलं की शंका संपली. तिघे किंवा जास्त असतील तर नायदर चालत नाही, ‘नन ऑफ देम’.

‘कितीही महाग असो.’ ‘हाऊएव्हर एक्स्पेन्सिव्ह’. ‘हाऊ मच ऑल्सो’ लिहिलेलं डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून सांगतो.

आता ईव्हनची जागा. आपला ‘सुद्धा’ शब्दानंतर येतो, ईव्हन शब्दाच्या आधी. ‘ईव्हन सुरेश केम’ म्हणजे सुरेशसुद्धा आला, ज्याची कोणाला आशा नव्हती. ‘सुरेश ईव्हन केम’ म्हणजे सुरेश आलासुद्धा, नुसता फोन करून थांबला नाही. एका शब्दाच्या सरकण्याने मराठीत ‘सुद्धा’ जिथं हलतो, तिथंच इंग्रजीत ईव्हन हलतो, फक्त उलट्या बाजूने. या बाबतीत ईव्हन हा ऑल्सोपेक्षा मराठीच्या जवळचा. ‘शिक्षकांनासुद्धा उत्तर आलं नाही’ला ‘ऑल्सो द टीचर’ नाही, ‘ईव्हन द टीचर’.

शेवभाजी

डाळअप्पा, ही यादी छापून भिंतीला लावतो. आता परीक्षा घ्या. नववीच्या निबंधात असतो तसा एक उतारा मुद्दाम चुका घालून लिहिलाय. दुरुस्त करून द्या.

‘माय व्हिलेज इज ऑन द बँक ऑफ द तापी. ऑल्सो इट हॅज अ बिग टेम्पल. माय फादर ग्रोज बनानाज, ऑल्सो कॉटन. माय अंकल ऑल्सो डझ नॉट ग्रो व्हीट. इन मे वन ड्रॉप ऑल्सो डझ नॉट फॉल. देन ऑल्सो द फील्ड्स आर ग्रीन. बोथ माय ब्रदर्स डिड नॉट गो टू पुणे.’ (शेवटच्या वाक्यातला टू एका ओचा.)

गिरणाकाठ

घे, वाक्यागणिक.

दुसरं वाक्य. ऑल्सो सुरुवातीला आणला तर तो ‘शिवाय’ होतो आणि पूर्ण वाक्याला नवा मुद्दा म्हणून जोडतो. मग त्यानंतर स्वल्पविराम हवा. पण इथं इतका मोठा वळसा कशाला? ‘इट ऑल्सो हॅज अ बिग टेम्पल.’ हॅज मुख्य क्रियापद, म्हणून ऑल्सो त्याच्या आधी.

तिसरं. ऑल्सो हे उभयान्वयी अव्यय नाही, ते दोन शब्द जोडू शकत नाही. स्वल्पविरामाने काम भागणार नाही. ‘माय फादर ग्रोज बनानाज अँड कॉटन.’ अँड आला की बहुतेक वेळा ऑल्सोची गरजच राहत नाही. ठेवायचाच असेल तर ‘अँड ऑल्सो कॉटन’.

चौथ्यात चूक व्याकरणाच्या आधीची आहे. काका ‘ही’ गहू पेरत नाहीत, पण आधी कोण पेरत नाही असं सांगितलंय? कोणीच नाही. भर घालायला आधी काहीतरी असावं लागतं. एक तर ‘माय फादर डझ नॉट ग्रो व्हीट’ हे वाक्य आधी टाका आणि मग ‘माय अंकल डझन्ट ग्रो इट आयदर’ म्हणा, नाहीतर नुसतं ‘माय अंकल डझ नॉट ग्रो व्हीट.’ मला दुसरं आवडतं.

पाचवं. ‘इन मे, नॉट ईव्हन वन ड्रॉप फॉल्स.’ नॉट ईव्हन वन कर्त्याच्या आधी आला की पुन्हा डझ नॉट घालायचं नाही. डझ गेला म्हणून ‘फॉल’चं ‘फॉल्स’ झालं, हे पोरं विसरतात.

सहावं. ‘स्टिल, द फील्ड्स आर ग्रीन.’ किंवा ‘ईव्हन सो’. केळीला ठिबक असेल तर मे महिन्यातही रानं हिरवी, एवढं वाक्य खरं आहे.

सातवं डाळअप्पांनी सांगितलंच. भाऊ दोन असतील तर ‘नायदर ऑफ माय ब्रदर्स वेन्ट टू पुणे.’ इथंही डिड नॉट गेला की गोचं वेन्ट.

पूर्ण उताऱ्यात ऑल्सो पाच ठिकाणी होता. दुरुस्त केल्यावर एकच उरला, मंदिराचा.

भुसावळ जंक्शन

बोर्डाच्या परीक्षेत ‘नॉट ओन्ली बट ऑल्सो’ आणि ‘ॲज वेल ॲज’ यांची वाक्यरूपांतरं येतात, त्यावर थोडं.

नॉट ओन्ली आणि बट ऑल्सो यांच्या मागे एकाच जातीचा शब्द हवा. ‘ही नॉट ओन्ली ग्रोज बनानाज बट ऑल्सो कॉटन’ यात पहिल्याच्या मागे क्रियापद, दुसऱ्याच्या मागे नाम. वजनाच्या काट्यात एकीकडे किलो, दुसरीकडे लिटर. ‘ही ग्रोज नॉट ओन्ली बनानाज बट ऑल्सो कॉटन.’ दोन्हीकडे नाम आलं.

नॉट ओन्ली वाक्याच्या सुरुवातीला आणला की प्रश्नासारखा क्रम: ‘नॉट ओन्ली डिड द कॅनॉल रन ड्राय, बट द वेल्स ऑल्सो ड्राइड अप.’ इथं ऑल्सो बटपासून सुटून दुसऱ्या क्रियापदाजवळ गेला तरी चालतं.

क्रियापदाचं वचन कोणाचं? नॉट ओन्ली बट ऑल्सोमध्ये जवळच्या कर्त्याचं: ‘नॉट ओन्ली द टीचर बट ऑल्सो द स्टुडंट्स आर रेडी.’ ॲज वेल ॲजमध्ये पहिल्याचं: ‘द टीचर, ॲज वेल ॲज द स्टुडंट्स, इज रेडी.’ मार्क इथं जातात.

आणि ॲज वेल ॲज म्हणजे नुसता ‘आणि’ नाही. त्याच्यानंतरचं माहीत असलेलं, आधीचं नवीन. ‘आपण भरीत आणि शेवभाजी करतो’ हे सगळ्यांना माहीत आहे आणि आता डाळही करतो असं सांगायचं असेल तर इंग्रजीत डाळ आधी लिहायची. मराठीतला ‘तसेच’ उलटा चालतो, नवीन शेवटी टाकतो. म्हणून शब्दागणिक भाषांतर केलं की भर चुकीच्या जिनसावर पडते.

‘रिमूव्ह टू’चा प्रश्न मात्र या धाग्यातला नाही. तिथला टू ‘फारच’ अर्थाचा, विशेषणाच्या आधी येतो: ‘द टी इज टू हॉट टू ड्रिंक.’ दुसरा टू एका ओचा. रूपांतर ‘सो हॉट दॅट वन कॅनॉट ड्रिंक इट.’ शेवटच्या टूशी घोळ करू नका.

सातपुडा

दोन टूंचा घोळ पोरांना समजावायला आपल्या ‘पण’चा दाखला द्या. ‘मी पण येतो’ आणि ‘पण मी येतो’. शब्द एकच. कर्त्याच्या मागे आला तर ‘सुद्धा’, वाक्याच्या तोंडाशी आला तर ‘परंतु’. टूचं तसंच, विशेषणाच्या आधी ‘फार’, वाक्याच्या शेवटी ‘सुद्धा’. ऑल्सोचंही तसंच, मधे असला तर भर, तोंडाशी असला तर ‘शिवाय’. शब्दाने काय काम करायचं हे त्याची जागा ठरवते, हे मराठी पोराला नवीन नाही.

क्वर्क, ग्रीनबॉम, लीच आणि स्वार्टविक यांच्या १९८५ च्या इंग्रजी व्याकरणातही हाच भेद आहे. मधला ऑल्सो एका गटात, वाक्य जोडणारा तोंडाशीचा ऑल्सो दुसऱ्या गटात. आणि मधल्या गटाचे पुन्हा दोन भाग: ऑल्सो, टू, ईव्हन भर घालणारे, ओन्ली, जस्ट बंधन घालणारे. आपल्याकडं ‘ही’ आणि ‘च’ यांची जोडी आहे, तशीच.

शेवटच्या टूच्या आधी स्वल्पविराम द्यायचा की नाही यावर भांडू नका, दोन्ही चालतात. ‘आय, टू, ॲग्री’मध्ये मात्र दिला तर दोन्ही बाजूंनी द्या.

शेवभाजी

शेवटचं विचारतो. दुकानाच्या पाटीवर ‘होम डिलिव्हरी ऑल्सो अव्हेलेबल’ लिहितात. बरोबर की चूक?

फौजदारी डाळ

पाटीवर ‘इज’ गाळलेला चालतो, जागा कमी असते. पूर्ण वाक्य केलं तर ‘होम डिलिव्हरी इज ऑल्सो अव्हेलेबल’, इजच्या मागे, म्हणजे जागा बरोबर. ऑल्सो शोभतो की नाही हे वरच्या ओळीवर अवलंबून. वर ‘टिफिन सर्व्हिस’ लिहिलं असेल तर ठेवा. नुसती तेवढीच एक ओळ असेल तर ऑल्सो पुसून टाका, रंगही वाचेल.